बाबांना आतड्याचा कॅन्सर निघाला. खाण्यामुळे झाला का? आणि पोटातल्या जंतूंचं काय खरं आहे?

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांपासून इथलं नुसतं वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर समजून घ्या. आम्ही यावल तालुक्यातले, घरची केळी, वडील वय 58. मागच्या दिवाळीपासून त्यांना संडासवाटे रक्त जायचं, कधी थेंब थेंब, कधी नुसतं लागलेलं. घरात सगळ्यांनी मूळव्याधच धरली कारण त्यांना पंधरा वर्षांपूर्वी ती झालेली होती, त्यामुळे दुसरं काही असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही. एका ठिकाणाहून पुड्या आणल्या, दुसरीकडे इंजेक्शनं घेतली, कुणी सुरण सांगितला तर तोही महिनाभर खाऊ घातला. असे आठ महिने गेले. केळीचा घड खांद्यावर टाकून बांधापर्यंत नेणारा माणूस चार पावलं चालून बसायला लागला. आईच्या लक्षात आधी आलं, पायजम्याची नाडी पूर्वीपेक्षा वीतभर जास्त ओढावी लागतेय म्हणाली. हिमोग्लोबिन 7.2 निघालं तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी दुर्बीण टाकून बघू म्हटलं. मोठ्या आतड्यात गाठ, आणि बायोप्सीत कॅन्सर.

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत, तब्येत सुधारतेय, पुढे किमो आहे. आता घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलतो, "तिखट खाल्लं ना जन्मभर, शेवभाजी सोडली नाही." बाबा ऐकून गप्प बसतात, ते मला बघवत नाही. खरं सांगायचं तर ते तिखट खायचे, रविवारी मटण असायचं, थंडीत शेतात भरताच्या पार्ट्या व्हायच्या तिथे सगळ्यांसोबत थोडी दारूही व्हायची. पण तसं तर अख्खं गाव खातं.

दुसरं, माझा मेव्हणा म्हणतो की हल्ली आतड्यातल्या बॅक्टेरियामुळे हा कॅन्सर होतो असं निघालंय आणि त्याच्या कॅप्सूल मिळतात. आमच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर तर रोज एक मेसेज फिरतो, कच्चं केळं खा आणि कॅन्सर पळवा. ह्यातलं खरं किती? बाबांना आता खायला काय द्यायचं? आणि मी 36 वर्षांचा, धाकटा भाऊ 31, आम्हाला काय करायला पाहिजे? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, घाबरवू नका पण लपवूही नका.

मायक्रोवाली_ताई_धुळे

भाऊ, पहिलं सांगते, वडिलांजवळ बसून त्यांना सांगा की तिखटामुळे झालं नाही. तिखटावर बोट ठेवावं असा पक्का पुरावा आजवर पुढे आलेला नाही. बिचारा माणूस आधीच आजारी आणि वरून स्वतःला दोष देतोय, हे थांबवा आधी. मी बावीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण जंतूंचं मी सांगू शकते.

आपल्या अंगात साधारण 38 लाख कोटी बॅक्टेरिया असतात असा हिशोब 2016 मध्ये मांडला गेला, आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. आपलं जेवण लहान आतड्यात पचतं आणि जे पचत नाही ते खाली मोठ्या आतड्यात जातं, तेच ह्यांचं जेवण. तुमच्याकडे गोबरगॅस असेल तर लगेच कळेल. बंद टाकी, आत हवा नाही, आणि टाकीत काय टाकता त्यावर आत कोण वाढणार आणि बाहेर काय निघणार हे ठरतं. मोठं आतडं तसंच आहे. तुम्ही भाकरीचा, डाळीच्या टरफलांचा, भाज्यांचा चोथा खाली पाठवला की काही जाती तो आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. जुनं लोणी आंबलं की वास येतो ना, तो ह्याच आम्लाचा. आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा ह्या ब्युटिरेटवरच मिळवतात, रक्तातल्या साखरेवर नाही. ते मिळालं की अस्तर घट्ट राहतं, सूज कमी राहते, आणि बिघडलेल्या पेशी आपोआप मरायला मदत होते.

चोथा नसला तर हेच जंतू उपाशी बसत नाहीत. उंदरांवर 2016 मध्ये दाखवलं होतं की फायबर बंद केलं तर ते आतड्यावरचा चिकट शेंबडासारखा थर खायला लागतात. तो थर म्हणजे आपलं कुंपण. तो पातळ झाला की जंतू थेट पेशींपर्यंत पोचतात. दुसरं, चरबी जास्त खाल्ली की ती पचवायला पित्त जास्त सुटतं, त्यातलं काही खाली जातं आणि जंतू त्याचं डीऑक्सिकोलिक आम्ल करतात, जे पेशींना त्रासदायक आहे. आणि मटण वगैरे लाल मांसातलं लोह, ज्याला हीम म्हणतात, ते अस्तराला खुपतं आणि त्यातून डीएनएला इजा करणारी नायट्रोसो संयुगं तयार होतात.

आता "बॅक्टेरियामुळे कॅन्सर" हे जे तुमचे मेव्हणे म्हणाले त्यात तथ्य आहे, पण अर्धवट. तीन जंतूंची नावं सारखी येतात. एक फ्युजोबॅक्टेरियम, हा मुळात तोंडातला, हिरड्यांतला जंतू. आतड्याच्या गाठींमध्ये तो भरपूर सापडतो हे 2011-12 च्या सुमाराला दोन गटांनी दाखवलं, आणि 2024 मध्ये त्याचा एक विशिष्ट प्रकार तपासलेल्या गाठींपैकी जवळपास निम्म्यांत सापडला. म्हणून आपल्याकडे मिश्री लावून हिरड्या सडवणाऱ्या बायकांना मी हात जोडून सांगते, तोंड नीट ठेवा. तो गाठ सुरू करतो का नंतर येऊन वाढवतो ह्यावर अजून वाद चालू आहे. दुसरा बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसचा विष सोडणारा प्रकार. तिसरा म्हणजे ई. कोलायचा एक वाण, जो कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतो आणि ते थेट डीएनएला चिकटतं. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या छोट्या गोळ्यांना पाच महिने ह्या जंतूचा संपर्क दिला तर डीएनएवर एक ठराविक खूण उमटली, अगदी बोटाच्या ठशासारखी. मग 2025 मध्ये 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठी तपासल्या. चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांमध्ये ही खूण सत्तरीनंतरच्यांपेक्षा 3.3 पट जास्त आढळली, आणि ती खूण बहुधा लहानपणीच, पहिल्या दहा वर्षांत उमटते असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी म्हणते की 58 व्या वर्षी निघालेल्या गाठीचा हिशोब मागच्या वर्षीच्या शेवभाजीवर लावू नये.

खाण्याचा सगळ्यात सुंदर प्रयोग मला वाटतो तो 2015 चा. अमेरिकेतले 20 कृष्णवर्णीय लोक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातले 20, दोघांचं जेवण दोन आठवडे अदलाबदल केलं. अमेरिकेतल्या लोकांना मका, घेवडा, भाज्या, रोज 55 ग्रॅम फायबर, आणि आफ्रिकेतल्यांना बर्गर-फ्राईज. फक्त चौदा दिवसांत अमेरिकेच्या गटात ब्युटिरेट वाढलं, अस्तराची सूज उतरली, आणि आफ्रिकेच्या गटात नेमकं उलटं झालं. दोन आठवड्यांत कॅन्सर होत नाही की जात नाही, पण आतली टाकी किती पटकन बदलते ते ह्यातून दिसतं.

एक विचारते, घराण्यात आणखी कुणाला कॅन्सर झालाय का? आतड्याचाच नाही, कुठलाही. हे नक्की सांगा.

दादरवाला_चोपडा

ताईंनी छान सांगितलं. मी शेतकरी, ह्यातलं शास्त्र कळत नाही पण एक दिसतं ते लिहितो. आमच्या आजीच्या काळात घरात दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची भाकर किंवा कळण्याची भाकर, सोबत अंबाडीची नाहीतर पोकळ्याची भाजी, उडदाचं घोटलेलं वरण, हिरवी मिरची-शेंगदाण्याचा ठेचा आणि ताक. कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद टाकून दळलेला, हे बाहेरच्यांसाठी सांगतो. आता? सकाळी चहासोबत टोस्ट-खारी, दुपारी चाळलेल्या पिठाच्या पोळ्या, संध्याकाळी पोरं टपरीवर, रात्री शेवभाजीत बोटभर तेल आणि सोबत पाव. दादर आम्ही पिकवतो आणि कडबा जनावरांना ठेवून धान्य विकून टाकतो, घरी रेशनचा तांदूळ शिजतो. माझा मुलगा भाकरी बघून नाक मुरडतो. मला वाटतं ह्यातच सगळं आलं.

तळोद्याची_लेक

चोपड्याच्या काकांना मान देऊन बोलते, पण असं सरळ नसतं हो. मनी माय जन्मभर शाकाहारी, माळकरी, कांदासुद्धा एकादशीला नाही, रोज भाकरी नि भाजी, शेतात राबणारी, अंगात कणभर चरबी नाही. तिला 54 व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला आणि दोन वर्षांत गेली. लोक तेव्हा म्हणायचे काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल. तिनं कधी खाल्लंच नव्हतं! म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की अमुक खाल्लं असतं तर वाचली असती, तेव्हा माझ्या पोटात कालवतं. यावलच्या भाऊ, तू धीर धर, बठ्ठं चांगलं व्हई. पण खाण्यावर सगळं ढकलू नकोस, आणि कुणाला ढकलू पण देऊ नकोस.

मायक्रोवाली_ताई_धुळे

तळोद्याच्या ताई, तुमचं अगदी बरोबर आहे आणि मला हे आधीच लिहायला हवं होतं. खाणं धोका कमी-जास्त करतं, ते हमी देत नाही. आकडा देते म्हणजे कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, खारवलेलं-धुरावलेलं, हे कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं, आणि साधं लाल मांस "बहुधा कारक" अशा गटात. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर धोका 18 टक्क्यांनी वाढतो. आता हे 18 टक्के म्हणजे शंभरात अठरा जणांना होईल असं नाही हो, लोक इथेच फसतात. समजा शंभरात दोघांना होणार असेल तर ते दोनाचे 2.36 होतात, एवढंच. रविवारच्या मटणानं ही गाठ आली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. दारूचा संबंध मात्र पक्का आहे, वाढलेल्या पोटाचा आहे, तंबाखू-विडीचा आहे, बसून राहण्याचा आहे.

फायबरची गोष्ट पण सांगते कारण अर्धीच सांगितली जाते. डेनिस बर्किट नावाचे सर्जन युगांडात होते, त्यांनी पाहिलं की तिथल्या खेड्यांत हा कॅन्सर फारच कमी, आणि लोक भरपूर चोथा खातात. 1971 मध्ये त्यांनी हा विचार मांडला. नंतर 2000 मध्ये अमेरिकेत साधारण दोन हजार लोकांवर चार वर्षं चाचणी झाली, सगळ्यांचे आतड्यातले कोंब, म्हणजे पॉलिप, आधी काढलेले होते, निम्म्यांना कमी चरबी, जास्त फायबर आणि भाज्या-फळं दिली. पॉलिप परत येण्याच्या प्रमाणात काहीच फरक पडला नाही. सगळे हिरमुसले. पण पॉलिपपासून कॅन्सर व्हायला दहा वर्षं तरी लागतात, त्यापुढे चार वर्षं म्हणजे काय? युरोपातल्या दहा देशांच्या, पाच लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासात 2003 मध्ये फायबर जास्त खाणाऱ्यांत धोका कमी दिसलाच. आणि आख्ख्या धान्याचं म्हणाल तर रोज 90 ग्रॅममागे धोका साधारण 17 टक्क्यांनी कमी, हे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 10 ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, पॉलिश केलेल्या तांदळात 3 ग्रॅमसुद्धा नाही. चोपड्याचे काका, गव्हाच्या पोळीवर राग काढू नका पण, न चाळलेल्या कणकेत ज्वारीइतकंच फायबर असतं, चाळणीतला कोंडा म्हशीला घालतो तिथेच ते जातं. तुमचं ताक सुद्धा बरोबर आहे. ब्रिटनमधल्या 5 लाख 42 हजार बायकांच्या अभ्यासात, जो 2025 मध्ये आला, रोज 300 मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त म्हणजे साधारण एक मोठा ग्लास दूध, त्यामागे धोका 17 टक्के कमी दिसला.

केळीबाग_यावल

सगळ्यांचे मनापासून आभार. तळोद्याच्या ताई, तुमचा रिप्लाय मी बाबांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पहिल्यांदा ओट्यावर येऊन बसले.

ताई, तुम्ही घराण्याचं विचारलं. माझ्या सख्ख्या आत्याला 46 व्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता, पिशवी काढली, आता ठीक आहे. आणि आजोबा "पोटाच्या दुखण्यानं" पन्नाशीतच गेले असं सांगतात, तेव्हा कुणी तपासलं नाही. ह्याचा काही संबंध असतो का? आणि कच्च्या केळ्याचं राहिलंच, ते तेवढं सांगा. आमच्याकडे माल पडून आहे, रोज चार केळी खायला मी तयार आहे.

मायक्रोवाली_ताई_धुळे

भाऊ, हे वाचून मी आज शाळेतल्या माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला फोन केला, तो पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला. त्याचं आणि माझं एकच मत पडलं. बापाला आतड्याचा, आत्याला कमी वयात गर्भाशयाचा, आजोबा पन्नाशीत पोटानं, ही साखळी दिसली की लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषाची शंका घ्यावीच लागते. डीएनए नक्कल होताना ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक बिघडलेलं असतं. आतड्याच्या शंभर कॅन्सरपैकी साधारण तीन ह्यामुळे होतात. असेलच असं मी म्हणत नाही. पण तपासता येतं आणि त्यासाठी वडिलांना परत सुई टोचायची गरज नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्यालाच ब्लॉक म्हणतात. डॉक्टरांना सरळ म्हणा, "ब्लॉकवर एमएमआरची तपासणी झालीय का, नसेल तर करा." एमएमआर म्हणजे हीच डीएनएच्या चुकांची दुरुस्ती, त्यात तिची चार प्रथिनं बघतात. ह्याचा उपयोग वडिलांच्या पुढच्या औषधांसाठीही होतो, कारण एमएमआर बिघडलेल्या गाठींवर औषधं वेगळी ठरवतात. म्हणून किमो सुरू व्हायच्या आधी विचारा.

दोष निघाला तर तुम्हा भावंडांपैकी प्रत्येकाला तो मिळालेला असण्याची शक्यता निम्मी निम्मी, रक्त तपासून कळतं. ज्यांच्यात असतो त्यांची दुर्बीण साधारण 20-25 व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी करतात, म्हणजे तुम्ही दोघं आधीच उशिरात. नाही निघाला तरी सख्ख्या बापाला झालाय म्हणून चाळिशीत दुर्बीण करायचीच. आणि रक्त दिसलं, शौचाची सवय बदलली, वजन उतरलं तर वयाची वाट बघायची नाही. दुर्बिणीत पॉलिप दिसला की तिथल्या तिथे काढून टाकतात, तो कॅन्सर होतच नाही मग.

आता केळं. गंमत बघा, तुमचा मेसेज ज्या प्रयोगावरून सुरू झालाय तो नेमका लिंच असलेल्या लोकांवरच झालाय! जवळजवळ हजार लोक, निम्म्यांना रोज 30 ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च, म्हणजे लहान आतड्यात न पचणारा स्टार्च, साधारण दोन वर्षं दिला. जेमतेम पिकलेल्या, अजून कडक असलेल्या केळ्यात हा स्टार्च असतो, पिकत गेलं की त्याची साखर होते, म्हणून बातम्यांत "रोज एक हिरवट केळं" असं आलं. दहा-वीस वर्षं त्या लोकांवर लक्ष ठेवलं आणि 2022 मध्ये निकाल आला. आतड्याच्या कॅन्सरमध्ये काहीही फरक पडला नाही. ही ओळ मेसेजमध्ये गाळलेली असते. पण इतर कॅन्सर स्टार्चवाल्यांत जवळपास निम्मे झाले, आणि जठर, पित्तमार्ग, स्वादुपिंड असे वरच्या भागातले तर निम्म्याहूनही कमी. का, ह्याचा नीट उलगडा अजून व्हायचाय, जंतू पित्तातली आम्लं बदलतात त्याच्याशी संबंध असावा असा त्यांचा अंदाज आहे. आणि लक्षात घ्या, त्यांना केळी दिलेली नव्हती, पावडर दिली होती, आणि ते सगळे लिंचवाले होते. त्याच प्रयोगात ज्यांना अॅस्पिरिन दिली त्यांच्यात मात्र आतड्याचा कॅन्सर साधारण एक तृतीयांशानं कमी झाला. हे वाचून कुणी मेडिकलमधून अॅस्पिरिन आणू नका, पोटात रक्तस्राव होतो त्यानं, डॉक्टरशिवाय नाही.

तर केळं खा की भाऊ, आपल्या जळगावचं केळं आहे, चांगलंच आहे. कच्च्या केळ्याची भाजी करा, त्यातही हा स्टार्च थोडा राहतो. शिजवून थंड झालेल्या भाकरीत, भातात पण थोडा तयार होतो, शिळी भाकरी ताकात कुस्करून खायची जुनी पद्धत त्या दृष्टीनं वाईट नाही. पण चार केळी खाऊन दुर्बीण टाळायची असेल तर मी तुम्हाला फोन करून भांडेन.

कॅप्सूलचं दोन ओळीत: प्रोबायोटिकनं आतड्याचा कॅन्सर टळतो असं माणसांत सिद्ध झालेलं नाही, आणि किमो चालू असताना जिवंत जंतूंच्या कॅप्सूल डॉक्टरला न विचारता अजिबात द्यायच्या नाहीत, तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असते. फ्युजोबॅक्टेरियम मारायला अँटिबायोटिक घेऊ का असंही कुणीतरी विचारणारच, तर नाही, ते उंदरांवरचं काम आहे, आणि चांगले जंतू त्यात आधी मरतात.

निवृत्त_कंडक्टर_अमळनेर

मी हे भोगून बसलोय म्हणून लिहितो. वय 66. मला 2019 मध्ये गुदाशयाचा निघाला, मीही वर्षभर मूळव्याध म्हणून मलमं लावली, एसटीच्या सीटवर बसून बसून झालीय असंच वाटायचं. आधी लाईट (रेडिएशन) देऊन शेकलं आणि सोबत गोळ्या, मग ऑपरेशन, आणि पोटावर चार महिने शौच गोळा करायची पिशवी. आज चालतो, फिरतो, रोज सकाळी चार किलोमीटर.

यावलच्या पोरा, वरचं सगळं भाकरी-चोथ्याचं वाचून उद्याच बाबांना कळण्याची भाकर आणि मेथी देऊ नकोस! हे कुणी लिहिलं नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ऑपरेशननंतर आतडं सुजलेलं असतं, जोड कच्चा असतो, तेव्हा सुरुवातीचे आठवडे चोथा कमीच द्यायचा असतो. मला मऊ भात, मुगाचं पातळ वरण, ताक, दुधीची सोललेली भाजी, पिकलं केळं एवढंच होतं. केळ्यानं शौच बांधून यायची, पिशवीवाल्याला त्याचा फार आधार. मी काय केलं, सहाव्या आठवड्यात भाच्याच्या शेतावर दादरचा हुरडा होता, सगळे गोवऱ्यांच्या आगट्याभोवती बसलेले, तो वास आला आणि राहावलं नाही, दोन मुठी खाल्ला, वर शेंगदाण्याची चटणी. दुपारपर्यंत पिशवीत काहीच आलं नाही. पोट फुगून दगड. कळा अशा की मी शेतातल्या खाटेचा माचा धरून ओरडलो. रात्री ॲडमिट, नाकातून नळी, दोन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले हुरडा, मक्याचं कणीस, शेंगदाणे, हरभरे, हे आख्खे दाणे अरुंद जागी अडकतात. पिशवी असलेल्यांनी तर फारच जपावं. पुढे हळूहळू एकेक पदार्थ वाढवत गेलो, एक नवीन पदार्थ, दोन दिवस बघायचं, मग दुसरा. सहा महिन्यांनी भाकरी पूर्ण सुरू झाली. तिखट पण खातो आता, बेतानं.

आणि बाबांना शेतात ने. काम नको, नुसतं ने. मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या दिवशी, ज्या दिवशी मी माझ्या पायानं बोरी नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो.

दादरवाला_चोपडा

भाऊसाहेब, बरं झालं लिहिलं, मी यावलच्या पोराला दादरचं पीठ पाठवायला निघालो होतो. आता थांबतो, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा सांग, दहा किलो पाठवतो, कळण्याचं वेगळं. आणि तळोद्याच्या ताई, मी बोलून गेलो ते तुमच्या आईला लागेल असं होतं, माफ करा.

तळोद्याची_लेक

नाही हो काका, माफी कशाची. तुमच्याकडची दादर मलाही पाठवा. आणि इथलं वाचून मी गेल्या आठवड्यात दुर्बीण करून आले, वय 39. आदल्या दिवशी नुसतं पाणी, सरबत, डाळीवरचं पाणी, आणि संध्याकाळपासून ते पावडरचं खारट-गोडसर पाणी दोन लिटर, ते पिणंच सगळ्यात कठीण, बाकी झोपेचं इंजेक्शन दिलं, काही कळलंसुद्धा नाही. एक छोटा पॉलिप होता, सहा मिलिमीटर, काढला. रिपोर्ट साधा आला. पाच-सात वर्षांनी परत बोलावलंय. लाजून वा घाबरून कुणी राहिलं असेल तर मला विचारा, मी सगळं सांगेन.

केळीबाग_यावल

तीन आठवड्यांनी लिहितोय. ब्लॉकचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले बरं झालं आठवण केली, आता पाठवू. लॅबमधून मीच घेऊन आलो, काडेपेटीपेक्षा लहान, वर पेन्सिलीनं नंबर, आत मेणात बोटाच्या नखाएवढा तुकडा. बसमध्ये खिशावर हात ठेवून बसलो होतो. रिपोर्ट काल आला, चारपैकी दोन प्रथिनं गायब आहेत. म्हणजे ताई म्हणाल्या तीच शंका, आता बाबांचं रक्त जनुकांच्या तपासणीला गेलंय आणि औषधांचा डॉक्टर पुन्हा विचार करताहेत. आत्याला सांगितलं, तिच्या दोन्ही मुलींनाही सांगितलं, एक सुरतेला असते ती लगेच तयार झाली.

माझी दुर्बीण 14 तारखेला आहे, भावाची त्याच दिवशी माझ्यानंतर. आई म्हणते दोघांची एकदम नको, एक तरी घरी शुद्धीवर पाहिजे, म्हणून मेव्हणा सोबत येतोय. तो आता कॅप्सूलचं बोलत नाही.

अमळनेरच्या काकांचं ऐकून बाबांना रोज बागेत नेतो. परवा त्यांनी झाडावरच घड बघून सांगितलं की अजून आठ दिवस थांब, कापू नकोस. काल आईला विचारत होते भाकरी कधी मिळणार. चोपड्याचे काका, पीठ अजून महिनाभर तुमच्याकडेच राहू द्या, मी कळवतो.